कॅम्परव्हॅनमधला गॅस रेग्युलेटर: गळती, खारी हवा आणि काय करायचं (कोकण किनारा)

खाडीकाठ

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने कॅम्परव्हॅन घेऊन जाणारी मंडळी आता बरीच आहेत. बहुतेक गाड्यांत ओट्याखाली एक सिलिंडर, त्यावर घरात असतो तोच रेग्युलेटर, नारिंगी नळी आणि एक-दोन बर्नरची शेगडी, एवढीच जोडणी असते. घरात ती वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते. गाडीत तिला दिवसभर हादरे बसतात आणि मुक्कामाला खारं, दमट वारं लागतं. रेग्युलेटरच्या आत एक पातळ रबरी डायफ्रॅम (पडदा), एक स्प्रिंग आणि गॅसची वाट मिटते ती एक छोटी बैठक असते. सिलिंडरमधला काही बारचा दाब ३० मिलीबारपर्यंत उतरवायचं काम एवढ्याच गोष्टी करतात. त्यातली एक जरी बिघडली तरी वास येण्याआधी आपल्याला काही कळत नाही.

म्हणून हा धागा. आधी सगळ्यात तातडीचं लिहितो.

गाडीत वास आला की शेगडी बंद आणि लगेच रेग्युलेटरची चावी बंद. फुसफुस मोठी असेल किंवा वास उग्र असेल तर तेही करत बसू नका, आधी सगळी माणसं बाहेर काढा. मग दारं उघडा, आणि सरकतं दार व मागचं दार आधी. एलपीजी हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो, तो फरशीवर साचतो. नुसत्या खिडक्या उघडल्या तर खिडकीच्या खालचा गॅस तिथेच राहतो. दाराचा उंबरठा फरशीच्या पातळीला असतो, म्हणून दार महत्त्वाचं.

आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरला हाताने फिरवायची चावी नसते. त्याच्या व्हॉल्व्हमधली पिन रेग्युलेटर बसवल्यावर दाबली जाते, काढल्यावर आपोआप वर येते. म्हणजे गाडीतला एकमेव बंद करायचा खटका हा रेग्युलेटरच आहे, आणि नेमका तोच गळत असेल तर तो काढावा लागतो. चावी बंद, काळं बुश वर उचला, रेग्युलेटर सरळ वर. त्यानंतरही पिनेतून फुसफुस आली तर सेफ्टी कॅप घट्ट दाबून बसवा. ही दोरीला बांधलेली नायलॉनची कॅप लोक पहिल्याच दिवशी तोडून फेकतात. गाडीत ती सिलिंडरलाच बांधलेली हवी, ड्रॉवरमध्ये नाही.

कॅप बसवूनही गळत असेल तर सिलिंडर उभाच धरून मोकळ्यावर न्या. विहीर, गटार, पऱ्या (ओहोळ), तळघर यांच्याजवळ ठेवू नका, गॅस तिथे उतरून बसतो. दूर गेल्यावर मग फोन: एलपीजी आपत्कालीन क्रमांक १९०६, आग असेल तर १०१ किंवा ११२.

---

वाटाड्या

उत्तम सुरुवात. एक विचारतो. गाडीचा मुख्य बॅटरी स्विच बंद करायचा की नाही? काही जण म्हणतात आधी तोच बंद करा.

---

कातळशिल्प

वाटाड्या, स्विच कुठे आहे त्यावर उत्तर आहे. तो गाडीच्या आत, ओट्याखाली किंवा सीटखाली असेल तर हात लावायचा नाही. स्विच बंद करतानाही ठिणगी पडते, आणि ती नेमकी फरशीजवळ पडते. स्विच बाहेरच्या बाजूला, बॉनेटमध्ये किंवा वेगळ्या बंद कप्प्यात असेल तरच बंद करा.

घरात आपण म्हणतो, बटणांना हात लावू नका. गाडीत आपण हात न लावताही काही गोष्टी चालू होतात, हे लोकांच्या लक्षात येत नाही. पहिला पाण्याचा पंप: नळ जरा ठिबकला, दाब उतरला की तो स्वतःहून सुरू होतो. दुसरा १२ व्होल्टचा फ्रिज, त्याचा थर्मोस्टॅट मनाला येईल तेव्हा कॉम्प्रेसर चालू करतो. तिसरा इन्व्हर्टरचा पंखा. आणि चौथं, दार उघडल्यावर लागणारा आतला दिवा. तो आधीपासूनच 'बंद' वर ठेवलेला बरा. म्हणून गाडी बांधून घेतानाच मिस्त्रीला सांगा की मुख्य स्विच बाहेरून हात पोचेल असा बसव, आणि पंपाचा वेगळा स्विच दे.

सिलिंडर आणि बॅटरी एका कप्प्यात कधीही नको. जागा वाचवायला ओट्याखाली दोन्ही शेजारी ठेवलेल्या गाड्या दिसतात, तेव्हा फार वाईट वाटतं. कारण थोडी जागा सोडली तर टळणारा धोका आहे तो.

---

नटबोल्ट

आता गळती नेमकी कुठून होते ते. "रेग्युलेटर गळतोय" म्हणून एजन्सीत येणाऱ्यांपैकी बऱ्याच वेळा रेग्युलेटर ठीक असतो.

सर्वांत जास्त वेळा दोष असतो सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधल्या ओ-रिंगचा. ही काळी रबरी रिंग सिलिंडरच्या व्हॉल्व्हच्या आत असते, रेग्युलेटरला नाही. तिला चीर गेली, ती चपटी झाली किंवा निघूनच गेली की रेग्युलेटर कितीही नवा असला तरी गॅस बाजूने येणार. खूण अशी: रेग्युलेटर बसवून चावी चालू केली की वास, काढला की वास बंद. ओ-रिंग टोकदार पिनेने किंवा चाकूने काढू नका, बैठकीला ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळते. एजन्सीचा मेकॅनिक बदलून देतो. सिलिंडर घेतानाच व्हॉल्व्हमध्ये डोकावून रिंग आहे का बघायचं, आणि व्हॉल्व्हच्या खळग्यात थोडं पाणी ओतून बुडबुडे येतात का तेही तिथेच बघायचं. बुडबुडे आले तर पिन बसत नाही, तो सिलिंडर परत. पाणी नंतर फडक्याने पूर्ण टिपून घ्या.

दुसरी जागा डायफ्रॅम. तो फाटला की रेग्युलेटरच्या वरच्या टोपीतल्या बारीक भोकातून किंवा टोपीच्या कडेने गॅस येतो. इथे दुरुस्ती नाही. टोपीचे रिव्हेट तोडून आत रबर घालून देणारे लोक असतात, त्यांच्याकडे जाऊ नका. रेग्युलेटर बदलायचाच.

तिसरी जागा नळी आणि रेग्युलेटरचं नोझल जिथे जुळतं ती. नळी उन्हाने कडक झाली की टोकाला भेगा पडतात, हादऱ्याने ती हळूहळू निसटते.

चौथा दोष बाहेर दिसत नाही, वासही येत नाही. रेग्युलेटरच्या बैठकीवर कचरा बसला की बर्नर बंद असताना दाब हळूहळू चढत राहतो. मग शेगडी पेटवताना पहिली ज्योत मोठी, पिवळी, आवाज करत येते आणि थोड्या वेळाने नीट होते. असं दिसलं की त्या रेग्युलेटरवर स्वयंपाक थांबवा.

साबणाची चाचणी: एक वाटी पाणी, एक चमचा भांडी घासायचा द्रव साबण, जुना रंगाचा ब्रश. क्लोरीन किंवा अमोनिया असलेलं सफाईचं द्रावण नको, पितळेला तडे जातात. शेगडी बंद, रेग्युलेटर चालू. आधी रेग्युलेटर आणि सिलिंडर जुळतात ती गोल कड, मग टोपीची कड, मग चावीचा दांडा, मग नोझल, मग संपूर्ण नळी, शेवटी शेगडीकडचं टोक आणि बर्नरच्या चाव्या. प्रत्येक जागी मनात तीस आकडे मोजेपर्यंत थांबा. मोठी गळती फुगा करते, बारीक गळती पांढरा बारीक फेस करते आणि तो फेस सावकाश वाढतो. तो वाढणारा फेस बघायला टॉर्च हातात हवा, पण टॉर्च बाहेर चालू करूनच आत न्या. टोपीवर साबण थापू नका, भोकातून आत जातो. ब्रश जेमतेम ओला करून कडेने फिरवा. झाल्यावर गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडं करा.

काडी लावून बघायचं नाही. हे लिहायची गरज पडू नये, पण पडते.

---

रापण

माका एक शंका आसा. टोपीचा ता बारीक भोक मिठान बुजला तर सुईन साफ करूचा काय?

---

नटबोल्ट

नाही रापणभाऊ, सुई अजिबात घालू नका. भोकाच्या लगेच मागे डायफ्रॅम असतो, सुई थेट त्यातून जाईल. ते भोक डायफ्रॅमला श्वास घ्यायला ठेवलेलं असतं. बुजलं तर डायफ्रॅम मोकळा हलत नाही, ज्योत कमी-जास्त होते. बाहेरून ओलसर फडकं आणि मऊ टूथब्रश एवढंच करायचं. तेवढ्याने मोकळं झालं नाही तर नवा रेग्युलेटर घ्या. त्याची किंमत गाडीच्या एका टायरच्या तुलनेत काहीच नाही.

पाण्याचा फवारा मारून रेग्युलेटर धुऊ नका. तेल, ग्रीस, व्हॅसलीन, खोबरेल यांतलं काहीही लावू नका. त्याला वाळू चिकटते आणि ती पुढच्या वेळी बैठकीवर जाते.

---

सुरूचं बन

किनाऱ्यावरची आणखी एक अडचण लिहिते. जून ते सप्टेंबर गाडी उभी राहते. तेवढ्यात कुंभारीण माशी कुठल्याही बोटाएवढ्या भोकात मातीचं घर करते. नळीचं उघडं टोक, बर्नरची नळी, सिलिंडरच्या कप्प्याच्या तळाचं वायुवीजनाचं भोक आणि मोठ्या आयात रेग्युलेटरचं खाली तोंड असलेलं व्हेंट, या तिच्या आवडत्या जागा. बर्नरच्या नळीत घर केलं तर हवा मिसळत नाही, ज्योत पिवळी होते, भांडी काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. माती ओली करून काढायची नाही. बर्नर सुटा करून, कोरडी माती ठोकून झटकायची.

पावसाळ्यासाठी गाडी ठेवताना सिलिंडर बाहेर काढा, कॅप लावा, रेग्युलेटर काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा. नळीच्या टोकाला फडक्याचा रंगीत बोळा घाला, म्हणजे परत जोडताना तो विसरला जाणार नाही. कप्प्याच्या तळाच्या भोकाला साधारण ३ मिलिमीटरची पितळी जाळी लावा. मच्छरदाणीची बारीक जाळी लावू नका. लाल चिखलाने ती एका पावसात बंद होते, आणि मग गळलेला गॅस जायला वाटच राहत नाही.

---

शुभंकर_गणित

गॅस किती गळला तर धोका, याचा अंदाज आकड्यांत देतो, कारण "थोडा वास येतोय, चालतंय" हे वाक्य फार ऐकू येतं.

साधारण व्हॅनची आतली जागा साडेतीन मीटर लांब, १.८ मीटर रुंद, १.८ मीटर उंच धरू. घनफळ ११ घनमीटरच्या थोडं वर. एलपीजी हवेत साधारण १.८ ते ९.५ टक्के असताना पेट घेतो. सगळ्या गाडीत सारखा मिसळला तर खालची मर्यादा गाठायला सुमारे २०० लिटर वायू लागेल, म्हणजे साधारण ४५० ग्रॅम.

पण तो सारखा मिसळत नाही. बंद गाडीत, वारा नसताना तो फरशीवर पसरतो. खालच्या ३० सेंटिमीटरचा थर धरला तर घनफळ १.९ घनमीटर, त्याचे १.८ टक्के म्हणजे ३४ लिटर. वजनात जेमतेम ७५ ग्रॅम. मध्यम बर्नर तासाला साधारण १५० ग्रॅम गॅस जाळतो. म्हणजे न पेटवता चालू राहिलेला बर्नर अर्ध्या तासात फरशीवर पेट घेण्याजोगा थर तयार करू शकतो, आणि त्या थराच्या वर झोपलेल्या माणसाच्या नाकापर्यंत तो पोचलेला नसतो. ओट्याखाली, कोपऱ्यात तर त्याहून कमी गॅस पुरतो.

---

खाडीकाठ

शुभंकर, हे फार मोलाचं आहे. यावरूनच डिटेक्टर कुठे बसवायचा ते ठरतं.

---

सुरूचं बन

हो, आणि नाकावर विसंबण्यात कोकणात आणखी एक मेख आहे. गॅसला वास देण्यासाठी त्यात गंधकयुक्त मरकॅप्टन मिसळतात. गाडीत सुकट, सुके बोंबील, जवळा ठेवलेला असेल तर त्या वासात मरकॅप्टनचा हलका वास सहज हरवतो. शिवाय नाक थोड्या वेळात वासाला सरावतं. सुकी मासळी झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, आणि डबा सिलिंडरच्या कप्प्यापासून लांब.

एलपीजी डिटेक्टर फरशीपासून १५ ते ३० सेंटिमीटरवर, शेगडी आणि सिलिंडरच्या बाजूला. दारासमोर नको, वाऱ्याने तो गप्प राहतो. बेसिनखाली नको, पाणी उडतं. त्याचा सेन्सर साधारण ५ ते ७ वर्षांत निकामी होतो, मागे तारीख असते ती बघा. डासांचा फवारा, सॅनिटायझर, स्पिरिट यांनी तो खोटा वाजू शकतो. तरीही वाजला की आधी गॅसच आहे असं धरून वागायचं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, तो झोपायच्या उंचीला बसवतात. एकाचं काम दुसरा करत नाही.

---

वाटाड्या

पावसात सिलिंडरच्या खालच्या अर्ध्या भागावर पाण्याचे थेंब जमतात. ही गळतीची खूण आहे का?

---

नटबोल्ट

नाही. गॅस वापरताना आतला द्रव उकळतो, भांडं गार होतं आणि दमट हवेतलं पाणी त्यावर जमतं. थेंबांची वरची रेघ म्हणजे आतल्या द्रवाची पातळी, उलट तेवढं कळतं. पण नळी किंवा रेग्युलेटर इतका गार लागला की हात लावल्यावर चटका बसल्यासारखं वाटतं, किंवा त्यावर हिम धरलं, तर द्रव गॅस रेग्युलेटरमध्ये शिरला आहे. सिलिंडर आडवा पडला, फार तिरका झाला किंवा जास्त भरलेला असला की असं होतं. शेगडीवर ज्योत फूटभर येऊ शकते. चावी बंद, सिलिंडर उभा, आणि तो रेग्युलेटर पुन्हा वापरू नका.

म्हणून घाटात सिलिंडर दोन पट्ट्यांनी बांधलेला हवा, एक खांद्याखाली, एक बुडाच्या वर. एकच पट्टा मध्ये बांधला की कशेडीच्या किंवा कुंभार्लीच्या वळणांवर बूड सरकतं.

---

यंत्रमित्र

साबणाने मोठी गळती सापडते. पण नळी पार्टिशनच्या मागून गेली असेल तर ब्रश पोचत नाही. तिथे दाब टिकतो का ते पाहावं लागतं, आणि त्यासाठी महाग गेज लागत नाही. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पारदर्शक नळी, साधारण अडीच मीटर, एका सरळ फळीवर इंग्रजी यू आकारात खिळ्यांनी बसवा. दोन्ही बाजू साठ-साठ सेंटिमीटर उभ्या. मध्यापर्यंत पाणी भरा, रंग घातला तर दिसायला सोपं. ३० मिलीबार म्हणजे साधारण ३०.६ सेंटिमीटर पाण्याचा फरक, म्हणजे एका बाजूला पाणी पंधरा सेंटिमीटर खाली आणि दुसरीकडे पंधरा वर.

शेगडीकडचं नळीचं टोक काढा आणि यू-नळीला जोडा. गाडीच्या बाहेर, मोकळ्यावर, आसपास काहीही पेटतं नसताना. रेग्युलेटर चालू केला की पाणी चढेल. फरक ३० च्या आसपास थांबला पाहिजे. तो थांबायच्या ऐवजी ३५ च्या वर सावकाश चढत राहिला तर नटबोल्टनी लिहिलेला चौथा दोष, दाब रोखत नाही. लगेच बंद करा, नाही तर पाणी बाहेर उडेल आणि मागून गॅस येईल.

आता गळतीची चाचणी. रेग्युलेटर बंद करा आणि जोड जरा सैल करून फरक २० सेंटिमीटरपर्यंत उतरवा, परत घट्ट करा. पाच मिनिटं पाणी हललं नाही तर जोडणी घट्ट आहे. उतरलं तर गळती आहे. चढलं तर सिलिंडरची पिन किंवा रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही. २० वर का आणायचं? दोन टप्प्यांच्या रेग्युलेटरमध्ये मधल्या नळीत जास्त दाब कोंडलेला असतो. पुढची गळती तो भरून काढत राहतो आणि आपल्याला पाणी स्थिर दिसतं. दाब आधीच उतरवला की रेग्युलेटरच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब सारखा होतो आणि काही लपत नाही.

एक खबरदारी: ही चाचणी पहाटे किंवा सावलीत. नळीतल्या वायूचं तापमान एक अंश बदललं तरी पाणी सुमारे साडेतीन सेंटिमीटर हलतं. नळीवर ऊन आलं तर गळती असूनही पाणी चढेल, ढग आला तर नसलेली गळती दिसेल.

---

कातळशिल्प

यंत्रमित्र, पद्धत बरोबर आहे, पण मला काळजी वाटते. ज्याने कधी पाना धरलेला नाही त्याने शेगडी सोडून हे करू नये. परत जोडताना नळी अर्धवट बसवली की चाचणीनेच गळती तयार केली म्हणायची.

---

यंत्रमित्र

मान्य. शेगडीची नळी काढ-घाल करायची सवय नसेल तर साबणाची चाचणी स्वतः करा आणि दाबाची एजन्सीच्या मेकॅनिककडून. बर्नर पेटता ठेवून चालू दाब मोजायचं काम तर फक्त मेकॅनिकचंच. म्हणूनच वर लिहिलं नाही. परत जोडल्यावर त्या जोडाची साबणाची चाचणी केल्याशिवाय काडी ओढायची नाही, हे माझ्या वरच्या मजकुराला जोडून वाचा.

---

मचवा

बाहेरून आणलेल्या किंवा तशा धाटणीच्या ट्रेलरबद्दल दोन शब्द. अमेरिकन बनावटीत प्रोपेन असतो आणि दोन टप्प्यांचा रेग्युलेटर. पहिला टप्पा दाब सुमारे १० पीएसआयवर आणतो, दुसरा ११ इंच पाण्यावर, म्हणजे २८ सेंटिमीटर. बर्नर बंद केल्यावर हा दाब १४ इंचांच्या वर जाता कामा नये. जुन्या पद्धतीच्या जोडाला डावे आटे असतात, उलट फिरवल्यावर घट्ट होतो. नेहमीप्रमाणे जोर लावून आटे मारू नका. नव्या मोठ्या प्लॅस्टिक नटला पाना लावायचाच नाही, हाताने घट्ट करायचा. तो नट जास्त उष्णतेत वितळून गॅस तोडतो, ती त्याची सोय आहे.

सिलिंडर झटक्यात उघडला की त्या जोडातला प्रवाह रोखणारा भाग अडकतो आणि शेगडीला गॅस मिळत नाही. लोक रेग्युलेटर गेला समजतात. सगळ्या चाव्या बंद करून, थोडं थांबून, सिलिंडर सावकाश उघडा.

व्हेंटचं तोंड खाली हवं आणि वर झाकण हवं. तोंड वर किंवा आडवं असेल तर समुद्राचे तुषार आत जातात, स्प्रिंग गंजते.

भारतीय सिलिंडर अशा ट्रेलरला जोडायला लेथवर करून घेतलेले अडॅप्टर वापरू नका. आणि हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरगुती शेगडीला कधीच नाही, "ज्योत मोठी येते" म्हणून तर अजिबात नाही.

---

खाडीकाठ

सिलिंडर कुठला, हाही प्रश्न लोक विचारतात. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर घराच्या स्वयंपाकासाठी दिलेला असतो, तो भाड्याच्या कॅरॅव्हॅनमध्ये वापरणं नियमात बसत नाही. कंपन्यांचा ५ किलोचा बाजारभावाचा सिलिंडर ओळखपत्र दाखवून एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर मिळतो. गाडीला तो वजनाला आणि उंचीला बरा पडतो.

बाजारात मिळणारी बिनशिक्क्याची छोटी टाकी आणि मोठ्या सिलिंडरमधून तीत गॅस भरून देणारं दुकान, या दोन्हींपासून लांब राहा. हे भरणं बेकायदेशीर आहे. शिवाय वजन न करता भरलेल्या टाकीत द्रवाला फुगायला जागा उरत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात गुहागरच्या वाळूत उभ्या बंद गाडीत ती ठेवणं म्हणजे जाणूनबुजून संकट ओढवून घेणं आहे.

सिलिंडरच्या वरच्या कड्याच्या उभ्या पट्टीवर आतून अक्षर आणि आकडा असतो. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-२७' म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत चाचणीची मुदत. उलटलेली असेल तर घेऊ नका.

---

रापण

फेरीबोटीत काय करूचा?

---

मचवा

बागमांडला–वेश्वी, दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, दिघी–आगरदांडा, कुठलीही असो: जेट्टीवर रांगेत उभं असतानाच रेग्युलेटर काढून कॅप लावायची. नुसती चावी बंद करून थांबू नका. बोटीवर गाड्या चिकटून उभ्या असतात, चढता-उतरताना धक्का बसतो, आणि उतरायच्या वेळी सगळ्यांची इंजिनं एकदम सुरू होतात. कशेडीच्या बोगद्याआधीही हेच करा. खरं तर चालत्या गाडीत रेग्युलेटर जोडलेला असायची गरजच नसते. फ्रिज बॅटरीवर चालवा.

---

शुभंकर_गणित

रेग्युलेटरलाच ज्योत लागली तर? फायर एक्स्टिंग्विशर मारायचा का?

---

कातळशिल्प

चावीपर्यंत हात पोचत असेल तर जाड ओलं फडकं किंवा ओला गोणपाट हातावर घेऊन चावी बंद करा, गॅस तुटला की ज्योत आपोआप विझते. गॅस चालू ठेवून नुसती ज्योत विझवली तर न जळलेला गॅस फरशीवर साचतो आणि दुसऱ्या ठिणगीला सगळा एकदम पेटतो. चावी बंद करता येत नसेल आणि ज्योत सिलिंडरवर चाटत असेल तर काहीही वाचवायला थांबू नका, लांब जा आणि इतरांनाही लांब करा. २ किलोचा ड्राय पावडरचा एक्स्टिंग्विशर हवाच, पण तो दाराजवळ. शेगडीच्या वर लावला तर आगीवरून हात घालून तो काढावा लागेल.

---

वाटाड्या

शेवटचं एक. कप्पा मागे आणि ओटा मध्ये आहे, तर रबरी नळी पार्टिशनमधून नेली तर चालेल का?

---

नटबोल्ट

नाही. रबरी नळी संपूर्ण डोळ्यांना दिसली पाहिजे आणि दीड मीटरपेक्षा लांब नको. मधलं अंतर ८ मिलिमीटरच्या तांब्याच्या नळीने, कॉम्प्रेशन जोड वापरून, दर अर्ध्या मीटरला क्लॅम्प. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी रिंग), नाही तर हादऱ्याने पत्रा तांबं कापतो. कॉम्प्रेशन जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळायचा नाही, तिथे धातूवर धातू बसतो आणि टेपने उलट गळती होते. दोन्ही टोकांना आखूड रबरी नळी, आयएस ९५७३ छापलेली, आत स्टीलच्या तारांची जाळी असलेली नारिंगी. तिच्यावर छापलेल्या तारखेपासून ५ वर्षं हा तिचा कमाल काळ. किनाऱ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत मी तीन वर्षांतच बदला म्हणेन. टोक वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर तारीख बघत बसू नका. नोझलवर नळी शेवटच्या कड्यापर्यंत चढवायची आणि वर स्टेनलेस स्टीलची क्लिप. क्लिप इतकीच आवळा की नळी हाताने फिरत नाही; त्यापुढे आवळली तर पट्टी रबरात रुतून तिथूनच चीर जाते.

सिलिंडरचा कप्पा राहत्या भागापासून पूर्ण बंद, दार फक्त बाहेरून, आणि तळाला भोक. युरोपीय मानकात हे भोक कप्प्याच्या तळाच्या २ टक्के आणि निदान १०० चौरस सेंटिमीटर असावं असं धरतात. म्हणजे दहा बाय दहा सेंटिमीटरचा चौकोन. त्याच्या खाली सायलेन्सर येत नाही ना, ते गाडीखाली वाकून स्वतः बघा.